राघूची चहा-पोळी

आई या आषाढात गेली. तेव्हापासून मी रोज थोडं लिहितो. दोन-तीन वाक्यं होतात, मग थांबतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं एखादं खोडतो. तिच्याविषयी लिहायला बसलो की प्रत्येक वेळी मध्ये राघू येतो. आधी मी त्याला बाजूला सारत होतो. आता वाटतं, त्याच्यावाचून पुढे जाता येणार नाही.

राघू दादांचा पोपट. दादा म्हणजे माझे वडील. आम्ही पुणतांब्याला राहत होतो आणि दादा जवळच्या साखर कारखान्यात काट्यावर होते. उसाच्या गाड्या मोजता मोजता तंबाखूनं त्यांचे दात पन्नाशीतच गेले. एकदा कवळी करून आणली, पण ती टोचते म्हणून फडताळात ठेवून दिली. त्यानंतर ते सगळं चहात बुडवून खाऊ लागले. पोळी, टोस्ट, शेव, दिवाळीत शंकरपाळे, काहीही. कारखान्याची साखर सवलतीत मिळे, त्यामुळे आमच्या घरचा चहा म्हणजे जवळजवळ पाकच. आणि एक घास स्वतः घेतला की दुसरा पिंजऱ्याच्या गजांतून आत, हा त्यांचा रिवाज होता. राघूनं त्यांच्याकडे आल्यापासून दुसरं काही खाल्लंच नाही. ज्याला पेरू फोडता येतो, हरभऱ्याचा घाटा सोलता येतो, अशा पाखरानं एका बोळक्या माणसाचा आहार उचलला होता.

तो बोलतही नसे. आलेगेलेले पिंजऱ्यासमोर उभे राहून "विठू विठू कर" म्हणत, आणि तो मान तिरकी करून त्यांच्या हाताकडे बघे. शेजारचे म्हणत, "दादा, तुमचा राघू बोलत न्हाई, नुसताच खातो."

दादा म्हणत, "माझंच पाखरू हाय ते. खाताना बोलू नये."

दादा गेले ते बहात्तरच्या दिवाळीनंतर. त्या साली पाऊस नव्हता. गोदावरीच्या पात्रात वाळू आणि मधून मधून डबकी. दहाव्याला घाटावर आम्ही जमलो तेव्हा उन्हं चढलेली होती. माझं डोकं नुकतंच भादरलेलं, अंगावर फक्त धोतर आणि वरून ओला पंचा. हायस्कूलमधले माझे सगळे सहकारी आणि हेडमास्तर पायऱ्यांवर उभे होते. मी वर्गात विज्ञानही शिकवत असे, आणि आदल्याच वर्षी पाठ घेता घेता कावळा आणि पिंड या भाबड्या समजुतीविरुद्ध बरंच काही बोललो होतो.

पिंड ठेवले. कावळे होते, समोरच्या बाभळीवर बसून होते, पण खाली येईनात. चुलते पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "वैनीला सांभाळू आमी." कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, "पोराचं लग्न लावून देऊ." काही नाही. कुणी घराच्या पडलेल्या भिंतीचं बोललं. लोकांनी डोक्यावर उपरणी घेतली. हेडमास्तरांनी घड्याळ बघितलं. ते मला दिसलं. माझ्या उघड्या पाठीला चटके बसत होते आणि सगळ्या गावाची नजर मला त्या पाठीवर जाणवत होती.

वरच्या पायरीवर बायकांत आत्या बसली होती, दादांची थोरली बहीण. ती तिथूनच ओरडली, "आरं, राघूचं बोल की. त्याचा जीव राघूत अडाकलाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो प्रकार संपावा एवढंच त्या वेळी मनात होतं. मी हात जोडले आणि वर्गात बोलतो तसा स्पष्ट, मोठ्यानं म्हणालो, "दादा, राघूला तुमच्यासारखंच खाऊ घालीन. त्याची चहा-पोळी कधी चुकणार नाही."

कावळा उतरला. सरळ, वाट बघत असल्यासारखा उतरला आणि पिंडाला चोच लावून भाताचा लचका घेऊन गेला. घाटावर सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. आत्या रडत होती आणि हसतही होती. एक सहकारी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चला, सुटलो." मी खाली बघत राहिलो. बाभळीची सावली तोवर पिंडांवर आली होती, म्हणून कावळा आला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आजही सांगतो. पण शब्द दिला गेला होता, आणि तो दहा माणसांत नव्हे, शंभर माणसांत दिला गेला होता.

तेराव्याला आईनं पेरू सोडला. आमच्याकडे गेलेल्याच्या नावानं आवडीची एखादी वस्तू सोडतात. आईचं माहेर राहात्याकडचं, माहेरी पेरूची बाग. लहानपणी ती झाडावर बसूनच जेवायची, असं मामा सांगत. दादांना दातांमुळे पेरू चालत नसे, म्हणून तीही त्यांच्यासमोर खात नसे. स्वयंपाकघरात मीठ-तिखट लावून एकटी खाई. तेराव्याला सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर तिनं हातात पाणी घेतलं आणि ताम्हनात सोडलं. "ह्यांच्या नावानं पेरू सोडला," म्हणाली. आत्यानं तिला जवळ घेतलं. आत्या आणि आईला एकमेकींना धरून रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग घरात आम्ही तिघं राहिलो. मी, आई आणि राघू.

त्या हिवाळ्यात रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, येत होती. तिची भाकरी कोरडी, घशात अडकणारी, तव्यावरसुद्धा तिला वेगळाच वास यायचा. आम्ही तीच खात होतो. पण आई रोज सकाळी मूठभर गव्हाचं पीठ मळून राघूसाठी एक पोळी करी. दादा गेल्यावर साखर पूर्वीसारखी मिळत नसे, तरी त्याच्या चहात साखर तेवढीच. शेजारीण ताक मागायला आली की आई ती पोळी परातीखाली झाकायची. मला ते दिसायचं, आणि मी पुस्तक वर करायचो.

राघू सुखात दिसत नव्हता. आधी वाटलं, दादांची आठवण काढतो. तो पिसं फुलवून एका जागी बसू लागला. शेपटीची दोन लांब पिसं पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली सापडली. छातीवरची पिसं विरळ होऊन खालची पिवळट कातडी दिसायला लागली, आणि दांडीवरून दांडीवर उडी मारली की त्याला धाप लागे, एवढ्याशा पाखराला. चोच इतकी वाढली होती की तिचं टोक वळून गळ्याकडे जात होतं. आई म्हणाली, "ह्यांच्यामागं जानार हे." तिनं हे ज्या शांतपणे म्हटलं त्यानं मी घाबरलो. दादांच्या वस्तूंपैकी काठी होती, चष्मा होता, कवळी होती. पण आई ज्याच्यासाठी सकाळी उठून चूल पेटवत होती असा तो एकच होता. मी शाळेत गेलो की दिवसभर घरात दुसरं कुणी नसे.

एका रविवारी मी पिंजऱ्यावर दादांचा जुना टॉवेल टाकला आणि रेल्वेनं कोपरगावला गुरांच्या दवाखान्यात गेलो.

दवाखान्याच्या आवारात पाऊल टाकलं आणि परत फिरावंसं वाटलं. बैल उभे होते, ज्यांच्या बरगड्यांत बोट जाईल. एक गाय आडवी पडली होती आणि तिचा मालक तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. बाकीचे चारा छावणीतून आलेले. माझ्या हातातल्या टॉवेलखालून राघूनं चिरका आवाज काढला.

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, कोंबडी हाय का?"

"नाही. पोपट."

"काय झालंय त्याला?"

"नीट खात नाही," मी म्हणालो.

"आमचा बैलबी खात न्हाई," ते म्हणाले. "न्हाईच तर खानार काय?"

सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते. त्या आवारात बहुधा दिवसभरात कुणी पहिल्यांदाच हसलं असेल. त्यांनी मला बाकावर जागासुद्धा करून दिली. मी पिंजरा पायांमध्ये घेऊन, मान खाली घालून बसलो.

डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. त्यांनी टॉवेल काढला, राघूला रुमालात धरून छाती चाचपली.

"काय देता खायला?"

"चहा-पोळी."

"आणि?"

"शेव. सणाला शंकरपाळे."

"आणि?"

मी टॉवेलची घडी घालू लागलो.

"मास्तर," ते म्हणाले, "हा पक्षी आहे. पेन्शनर नव्हे."

मागून पुन्हा हसू आलं. डॉक्टरांनी चोच थोडी कापून दिली आणि समजावून सांगितलं. सगळी चरबी साचली आहे, पोषण काही नाही. चहा, साखर, तळलेलं बंद करायचं. हिरवा पाला द्यायचा, मेथी, पालक, मुळ्याचा पाला. भिजवलेले हरभरे, मोड आलेली मटकी, गाजर, हिरवी मिरची, आणि रोज काहीतरी फळ. एकच एक नको, बदलून बदलून द्यायचं. "पण एकदम तोडू नका," ते म्हणाले. "पोपट अनोळखी वस्तूला अन्न समजतच नाही. उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही. हळूहळू करा. सकाळी भूक असते तेव्हा नवं ठेवा, जुनं संध्याकाळी थोडं. आणि त्याच्यासमोर खा. ज्याला तो आपलं मानतो त्याला खाताना बघितलं तर खाईल."

"त्याचं माणूस गेलं," मी म्हणालो.

त्यांनी राघूला आत सोडून पिंजऱ्याचं दार लावलं. "मग दुसरं कुणीतरी व्हा," म्हणाले, आणि पुढच्या बैलाकडे गेले.

आईला मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "तू शबूद दिलायस."

"आई, चहानंच तो मरतोय."

"घाटावर दिलायस. मी तर म्हन्ले न्हवते तुला बोल म्हनून."

"ते मी... सगळे खोळंबले होते म्हणून बोललो."

तिनं माझ्याकडे बघितलं. "बापाला खोटं बोल्लास?"

हो म्हणावं तर दादांना फसवल्यासारखं होत होतं. बरं, खरं बोललो म्हणावं तर राघूला चहा द्यायला हवा होता. मी शाळेतल्या पोरांना भूमिती सोडवून दाखवणारा माणूस, आणि घरात या एवढ्याशा पेचातून मला वाट दिसत नव्हती.

मग घरात चोरटा कारभार सुरू झाला. आई पाण्याला गेली की मी पिंजऱ्यात मेथीची काडी सुतळीनं बांधायचो. मी शाळेत गेलो की आई ती काढून शेळीवाल्या शेजारणीला द्यायची आणि राघूला चहा-पोळी द्यायची. आम्ही दोघंही एकमेकांना काही बोलत नव्हतो. मी मेथी बारीक चिरून पोळीच्या लगद्यात कालवली, तर त्यानं पोळी तेवढी निवडून खाल्ली आणि मेथीचे तुकडे मान झटकून भिंतीवर उडवले. मटकी तर त्यानं एकेक दाणा उचलून बाहेर टाकली. मी त्याच्यासमोर उभा राहून कच्चं गाजर कडाकडा खाल्लं. त्यानं माझ्याकडे पाठ केली. मी त्याचा कुणी नव्हतो. खरं तर दादा होते तेव्हा मी त्याच्याकडे कधी बघितलंही नव्हतं. मला त्याचा वास आवडत नसे.

बाजाराच्या दिवशी भाजी आणणं हीच मोठी परीक्षा असे. भाजी फार थोडी यायची, विहिरीच्या तळाच्या पाण्यावर काढलेली. मी मेथीच्या दोन जुड्या उचलल्या. भाजीवाली बाई ओळखीची होती. तिच्या मागे दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या बायका उभ्या होत्या, हातांना चिंध्या बांधलेल्या.

"मास्तर, दोघंच मानसं तुमी आन् दोन जुड्या?" ती म्हणाली. "का राघूचा पावनचार हाय?"

कोपरगावची गोष्ट इथवर आली होती.

"नाही, घरीच," मी म्हणालो.

"घरीच म्हना. आमची पोरं मिलो खात्यात, राघू मेथी खातोय. पुढल्या जल्मी राघूच व्हावं मानसानं, तेबी मास्तराच्या घरी."

मागच्या बायका हसल्या. त्यांतली एक माझ्या वर्गातल्या मुलीची आई होती. तिनं पदर तोंडाला लावला, माझ्यासाठी लाजून. मी एक जुडी परत ठेवली. भाजीवालीनं मग कडेला टाकलेला मुळ्याचा पाला उचलून माझ्या पिशवीत कोंबला. "घ्या, ह्येचं काय न्हाई," म्हणाली. ती थट्टा संपवत होती, दया करत होती, पण मला तो पाला त्या दोन जुड्यांपेक्षा जड वाटला. घरी येईपर्यंत मी कुणाकडे बघितलं नाही.

त्या पाल्यानं मात्र एक झालं. आईनं त्यातली कोवळी पानं निवडून घेतली आणि मिलोच्या भाकरीबरोबर कच्चीच खायला बसली. तिच्या जेवायच्या जागेपासून पिंजरा हातभर अंतरावर. राघू दांडीवरून सरकत सरकत गजापाशी आला आणि तिच्या तोंडाकडे बघू लागला. ती चावत होती तशी त्याची जीभ हलत होती. आईनं पान पुढे केलं. त्यानं ते घेतलं, एका पायात धरलं, कडेनं कुरतडलं, अर्धं टाकलं.

आई पुन्हा भाकरीकडे वळली. मी पुस्तकातून मान वर केली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा निम्मा झाला. आठवडाभरानं त्यात साखर नव्हती. शब्दाचं तिनं काय केलं, कुणाला काय समजावलं, मला माहीत नाही. ती संध्याकाळी त्याला नखाएवढी पोळी देई, कोरडी. बहुधा तेवढ्यात ती शब्द बसवत होती.

पाला खाऊ लागला, पुढे भिजवलेले हरभरेही खाऊ लागला, पण आईनं स्वतः खाल्ल्याशिवाय काही घ्यायचा नाही. मिरचीसुद्धा तिनं आधी चावायची. ठसका लागून तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि तो मिरचीच्या बिया आरामात खायचा. फळ राहिलं होतं. त्या साली आमच्या बाजूला फळ म्हणजे पेरूच, तेही मामांनी बादलीनं पाणी घालून जगवलेल्या चार झाडांचे. मामा माझ्यासाठी म्हणून पाठवत. मी त्याच्यासमोर पेरू खाई, आणि तो आईकडे बघे.

एके दिवशी शाळेत मुलांना दुष्काळी मदतीतला सुकडीचा खाऊ वाटला आणि लवकर सोडलं. मी घरी आलो तर पुढचं दार लोटलेलं होतं. पिंजरा नेहमीच्या जागी नव्हता. मी मधल्या खोलीतून स्वयंपाकघराकडे गेलो. पिंजरा चुलीमागच्या कोपऱ्यात, पाटावर. आई त्याच्यासमोर भिंतीकडे तोंड करून बसली होती, डोक्यावरून पदर ओढलेला. हातात पेरू. तिनं घास घेतला, चावला, आणि हळूच राखेत थुंकला. पुन्हा घास घेतला, चावला, थुंकला. राघू गजाला लागून बसला होता आणि ढिम्म हलत नव्हता.

"खा की रं," ती पुटपुटली.

तो तिच्या गळ्याकडे बघत होता.

मी मागे सरकलो, तेवढ्यात माझा पाय तांब्याला लागला. ती वळली. तोंडात घास होता. तेवढं लाजलेलं माणूस मी पुढे कधी पाहिलं नाही. तिला थुंकता येईना आणि गिळता येईना. मी तिथून जायला हवं होतं, पण माझे पाय निघेनात. शेवटी तिनं तो गिळला.

"गिळत न्हवते मी," ती म्हणाली. "नुसतं दावीत हुते त्याला. पन त्याला कळतं. गिळल्याबिगर घेतच न्हाई."

"बरं, बरं," मी म्हणालो.

"कुनाला बोलू नगं."

"नाही."

तिच्या हातातून पेरूचा तुकडा राघूनं कधी ओढून घेतला, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. तो बिया वेगळ्या करून फोडत होता, टक् टक् असा आवाज येत होता. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि चूल पेटवायला घेतली. चहाची वेळ नव्हती. तिला फक्त माझ्याकडे पाठ करायची होती.

त्यानंतर ती रोज खात असावी. मी विचारलं नाही. राघूच्या छातीवर बारीक हिरवी पिसं फुटली. धाप कमी झाली.

तिसऱ्या महिन्याच्या तिथीला आत्या आली. आल्या आल्या तिनं पिंजऱ्यापुढे बसकण मारली. "माझ्या भावाचा राघू गं," म्हणाली. मग तिला वाटीतले हरभरे दिसले, पाला दिसला. "ह्ये काय? चहा कुठाय त्याचा?"

मी पुढे झालो. "आत्या, डॉक्टरांनी सांगितलंय, चहा त्याला बाधतो."

"कोन डाक्टर?"

"कोपरगावचे."

"गुरांचा?" ती म्हणाली. "मास्तर, घाटावर कावळा शिवला तवा गुरांचा डाक्टर न्हवता हुबा. तू हुतास. समद्यांम्होरं बोल्लास."

"मी चुकीचं बोललो होतो."

"कावळ्याला चुकीचं न्हाई वाटलं."

तिनं स्वतः उठून चूल पेटवली, चहा ठेवला, डब्यात होती नव्हती ती साखर घातली. तिथीसाठी केलेल्या पोळ्यांतली एक घेतली, बुडवली आणि गजातून आत धरली. राघूनं ती हिसकावूनच घेतली. मला आशा होती की घेणार नाही. पण तो ज्या हावरेपणानं तुटून पडला, ते बघून माझे कान तापले. जणू आम्ही त्याला महिनाभर कोंडून उपाशी ठेवलं होतं.

"बघा," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "भुकेला हुता जीव. माझ्या भावाचं ह्या घरात कायबी ऱ्हाऊ दिलं न्हाई का तुमी?"

तिनं दुसरा तुकडा बुडवला. मी "आत्या, आत्या" एवढंच म्हणत राहिलो.

आई तोवर पानं मांडत होती. ती उठली, शिंक्यावरचा पेरू काढला, हातानंच फोडला. आत्याच्या शेजारी येऊन बसली. आत्याला आधी वाटलं असेल की राघूला देणार. आईनं तो स्वतःच्या तोंडात घातला. तिथीच्या दिवशी, पानं मांडलेली असताना, नणंदेच्या समोर. तिनं चावला आणि गिळला. राघूच्या चोचीतून पोळीचा लगदा खाली पडला. तो सरकत तिच्या बाजूला आला आणि गज चावू लागला. आईनं दुसरा तुकडा त्याला दिला.

आत्याचा हात चहाच्या कपावर तसाच राहिला. "वैनी," ती म्हणाली, "पेरू सोडलावतास तू."

"व्हय, वन्सं."

"त्याच्या नावानं."

"व्हय." आईनं आणखी एक घास घेतला. खाता खाताच म्हणाली, "त्यांचं कायतरी जितं ऱ्हावं म्हनून."

चहाचा कप आत्यानं बाजूला ठेवला. जेवली, पण खाली मान घालून, आणि दुपारच्या गाडीनं गेली. स्टेशनावर मी तिची पिशवी धरून उभा होतो. तिनं मला एकच विचारलं, "रोज खाते का?" मी हो म्हणालो. ती रुळांकडे बघत राहिली. "मला सांगायचं तरी," म्हणाली. तिला राग आला होता की वाईट वाटलं होतं, ते मला कळलं नाही.

गावाला कळायला वेळ लागला नाही. आत्यानंच सांगितलं असेल असं मी म्हणणार नाही. चार भिंतींतलं बाहेर कसं जातं ते कुणालाच सांगता येत नाही. विहिरीवर कुणीतरी आईला विचारलं, "काय मावशी, पेरू गोड हायत का औंदा?" ती रिकामी घागर घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पाण्याला गेली, कुणी नसतं तेव्हा. तिसऱ्या दिवशी मी घागर घेतली. हायस्कूलचा मास्तर डोक्यावर घागर घेऊन येताना बघून विहिरीवरच्या बायका गप्प झाल्या. मला धड चुंबळही करता येत नव्हती. निम्मं पाणी अंगावर सांडलं. पुढे तेच माझं काम झालं.

राघू त्यानंतर बरीच वर्षं जगला. हिरवागार झाला, शेपूट लांब आली. भोपळ्याच्या बिया, शेवग्याचा पाला, पाऊस झाल्यावर मक्याचं कणीस, हरभऱ्याचे घाटे, सगळं खाई. आई त्यातलं प्रत्येक आधी खाई. आमच्या घरी आलेली माणसं त्याचं कौतुक करत, आणि कौतुक झालं की आई आत निघून जाई.

पेरू मात्र तिनं पुन्हा कधी चारचौघांत खाल्ला नाही. मामा टोपली घेऊन आले आणि एक तिच्या हातात दिला तरी ती म्हणायची, "सोडलाय मी." मामा मान हलवायचे. मीही तिथेच बसलेला असायचो. दुपारी ती पिंजरा स्वयंपाकघरात न्यायची. मी शाळेतून आलो की पायरीवर चपला जरा आपटून काढायचो, तांब्यातलं पाणी पायावर घ्यायला उगीच वेळ लावायचो. आत पदर सावरल्याचा, पाट सरकवल्याचा आवाज यायचा. मग ती म्हणायची, "आलास का?" मग मी आत जायचो.

"पेरू कसा होता?" असं तिला एकदाही विचारलं नाही. आवडून खात होती की नुसती गिळत होती, हे मला आजही माहीत नाही. विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं.